मागून पुढे मोजा: जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवताना

आधी आरसी बुक उघडा, बॉनेट नंतर. इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ लिहिलंय की ‘डिझेल’, यावर पुढचं सगळं ठरतं.

नागपूरच्या आसपास जुन्या महिंद्रा जीप अजून बऱ्याच आहेत. कुणाच्या वाड्याच्या मागे, कुणाच्या संत्र्याच्या बागेत, टायर बसलेल्या, सीटमध्ये मांजरीची पिल्लं. मूळच्या पेट्रोलच्या अनेक जीपमध्ये मागच्या पिढीनेच डिझेल इंजिन टाकलं आणि तशी नोंदही करून घेतली. अशी डिझेल नोंदीची, इंजिन बसलेली जीप मिळाली तर ती घ्या, पत्रा सडका असला तरी. पत्रा बदलता येतो. कागद बदलायला गेलात तर कलम ५२ आडवं येतं.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं हे कलम सांगतं की उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. इंधन बदलायची वाट कायद्यात आहे, पण ती सीएनजी, बॅटरी वगैरेंच्या कन्व्हर्जन किटची आहे. भंगारातून उचललेलं डिझेल इंजिन म्हणजे किट नव्हे. बरं, लपवाल म्हणता तर पीयूसीवालाच पकडेल. पेट्रोल गाडीची तपासणी वायूंची असते आणि डिझेलची धुराची. सायलेन्सरमध्ये नळी घालण्याआधी आवाजावरूनच त्याला कळतं.

त्यामुळे हा लेख दोघांसाठी आहे. आरसीवर डिझेल आहे पण इंजिन मेलंय, असा एक. आणि जीप फक्त स्वतःच्या शेतात फिरवायची, रस्त्यावर आणायचीच नाही, असा दुसरा. पेट्रोल नोंदीची जीप रस्त्यावर चालवायची असेल तर तिचं मूळचं २,१९९ सीसीचं हरिकेन इंजिनच बांधून घ्या. ते गोड इंजिन आहे.

पहिल्या प्रकारात त्याच जातीचं इंजिन बसवलं तरी त्याचा नंबर वेगळा असणार. तो नोंदवण्यासाठी आपल्या आरटीओत आधी विचारून घ्या. एमएच-३१ शहराचं, एमएच-४९ पूर्व नागपूरचं, एमएच-४० ग्रामीणचं. गाडीची नोंद जिथली, चौकशी तिथेच. बदलानंतर कळवायला कायद्यात चौदा दिवस आहेत. इंजिन विकणाऱ्याकडून पक्कं बिल घ्या, बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या, आणि ते ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत मागा. ‘बिल नंतर देतो भाऊ’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. चोरीच्या इंजिनाला बिल नसतं.

कोणतं इंजिन

एक भ्रम आधी काढून टाकू. डिझेल स्वस्त म्हणून हे करू नका. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर खुले झाले आणि पेट्रोलशी असलेला तो जुना मोठा फरक गेला. डिझेल घ्यायचं ते कमी फेऱ्यांवरच्या ओढीसाठी. पावसात काळ्या मातीत चाकं रुतली की पेट्रोल जीपला बोंबलत बाहेर यावं लागतं, डिझेल जीप पुटपुटत येते.

जुन्या जीपसाठी दोनच इंजिनांचा विचार करा. पहिलं महिंद्राचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन): २,५२३ सीसी, चार सिलिंडर, बोअर ८८.९ मिमी, स्ट्रोक १०१.६ मिमी. इंचात साडेतीन बाय चार. आकडे असे इंचात गोल येतात, कारण हे इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या ट्रॅक्टर इंजिनांच्या खानदानातलं आहे. म्हणूनच नागपुरात त्याला मरण नाही. हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, आणि या घराण्याची नाडी ओळखणारा मिस्त्री सावनेरपासून उमरेडपर्यंत कुठेही भेटतो. हे इंजिन थरथरतं, खडखडतं, फेऱ्या मिनिटाला ३,२००च्या आसपास संपतात, पण हीटर प्लगशिवाय गार सुरू होतं आणि वाईट वागणूक सोसतं.

दुसरं प्यूजोचं एक्सडीपी ४.९०. नावातच माप आहे: चार सिलिंडर, ९० मिमी बोअर. २,११२ सीसी. महिंद्राच्या एमएम-५४० जीपमध्ये हे यायचं. डीआयपेक्षा पुष्कळ मऊ चालतं, फेऱ्याही जास्त घेतं. पण तापलं की हेडवर बेततं आणि सुट्या भागांसाठी शोधाशोध करावी लागते. आपल्याकडचा मे महिना डोळ्यांपुढे आणा, म्हणजे नवख्याला मी डीआयच का सुचवतो ते कळेल. अर्थात डिझेल नोंदीच्या गाडीला मूळ जे इंजिन होतं, त्याच जातीचं घ्यायचं, हे वर आलंच आहे.

नवी कॉमन रेल इंजिनं नकोत. त्यांच्यासोबत ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर आणि अख्खं वायरिंग आणावं लागतं. जिप्सीत डीआय टाकणारेही भेटतील. जिप्सीचं १,२९८ सीसीचं इंजिन ॲल्युमिनियमचं, हलकं. त्या नाकावर बिडाचा धोंडा ठेवला की जिप्सीचा जिप्सीपणाच जातो.

इंजिन बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधी फोन करून सांगा, ‘सुरू करून ठेवू नका’. गार इंजिन तुमच्यासमोर सुरू झालं पाहिजे. सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून चहाच्या किटलीसारखी वाफ भकाभका येत असेल तर रिंगा गेल्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर टायमिंग, नोझल किंवा कॉम्प्रेशनमध्ये खोट आहे. काळा धूर त्या मानाने बरा, बहुतेक वेळा पंप-नोझलच्या कामात सुटतो.

आणि नुसतं इंजिन आणू नका. फ्लायव्हील, क्लच, बेल हाउसिंग, गिअरबॉक्स, सेल्फ, डायनॅमो, एअर फिल्टर, माउंटिंगचे ब्रॅकेट, ॲक्सिलरेटरचं लिंकेज, सगळं एकाच गाडीतलं घ्या. ती गाडी फोर बाय फोर असेल तर सोन्याहून पिवळं. टू व्हील ड्राइव्ह कमांडरचा गिअरबॉक्स मागून वेगळा असतो, त्याला जीपचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) सरळ लागत नाही. अडॅप्टर प्लेट करून जोडता येतं, पण मग बेल हाउसिंगचा मध्य क्रँकच्या मध्याशी जुळतोय का ते डायल गेजने बघावं लागतं. फ्लायव्हीलवर गेज लावून एक फेरी फिरवा. काटा पाव मिलिमीटरहून जास्त हलला तर प्लेट पुन्हा लेथवर. हे टाळलं की गिअर उडतात, पायलट बेअरिंग जातं, आणि दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सला मिळतो.

काढणं, आणि बसवण्याआधीचं मोजमाप

जुनं इंजिन काढण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. कळमन्याकडे किंवा वाडीत ट्रकचे काटे आहेत. फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून वजन घ्या, पावती जपून ठेवा. (बंद गाडी टोचन करून न्यावी लागली तरी न्या.) काम संपल्यावर पुन्हा तसंच वजन करायचं. पुढचे कमानपाटे किती बसले, एखादं पान वाढवायचं का, हे अंदाजाने ठरत नाही.

इंजिन उचलायला एक टनी चेन कप्पी आणि लोखंडी घोडी भाड्याने मिळते. अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला कप्पी बांधू नका. फांदी दिसते जाड, पण आतून पोकळ निघाली तर आधी कळत नाही. इंजिन लटकत असताना त्याखाली हात, पाय, पोरगं, कुत्रं काही नको.

आता या लेखाचं शीर्षक. माझ्या पहिल्या जीपमध्ये आम्ही इंजिन पुढून बसवलं. रेडिएटर आहे तिथे ठेवला, पंख्याला चार बोटं जागा सोडली आणि इंजिन तिथेच टेकवून माउंटिंग वेल्ड केलं. दिसायला सुबक झालं. मग कळलं की सगळी जोडी तीन इंच मागे गेली आहे. मागचा शाफ्ट लांब पडला, पुढचा आखूड. गिअरची दांडी दुसऱ्या गिअरला सीटवर आपटू लागली. मिस्त्री शांतपणे म्हणाला, ‘भाऊ, इंजिन बसवाले दोन दिवस लागते, बाकीचं जमवाले दोन महिने.’ दोन महिन्यांचे साडेतीन झाले.

म्हणून मोजायची सुरुवात मागून करा. ट्रान्सफर केस मूळ जागी, मूळ क्रॉस मेंबरवर बोल्टने बसवा. तो हलवायचा नाही. या जीपच्या स्पायसर १८ ट्रान्सफर केसमधून पुढचा आणि मागचा असे दोन्ही शाफ्ट उजव्या अंगाने निघतात, आणि ॲक्सलचे गोळेही त्याच बाजूला आहेत. ट्रान्सफर केस जागचा हलला नाही तर शाफ्टची लांबी, कोन, हँडब्रेक, स्पीडोमीटरची केबल यांतलं काहीही बदलावं लागत नाही. त्याला गिअरबॉक्स जोडा, गिअरबॉक्सला इंजिन, आणि इंजिन जिथवर पुढे येईल तिथवर येऊ द्या. गिअरबॉक्सची लांबी जुन्यापेक्षा वेगळी असेल तर तो फरक पुढे रेडिएटरकडे खपवायचा, मागे नाही. रेडिएटर एक-दोन इंच पुढे सरकवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

इंजिन चेनवर लटकत असतानाच चार गोष्टी बघा. पुढचा ॲक्सल जॅकने उचलून रबरी बंपाला टेकवा, आणि डिफरन्शियलचा गोळा ऑइल सम्पला लागतो का पाहा. सपाट जमिनीवर चार बोटं जागा दिसते, नाल्यात उतरताना ती उरत नाही. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून रॉड कुठे घासतोय का बघा. एक्झॉस्ट स्टीअरिंग बॉक्सला भाजणार नाही ना? आणि ऑइल फिल्टर नंतर काढता येईल का? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. मग दर वेळी माउंटिंग सैल करून फिल्टर काढणारे भेटतात.

माउंटिंग रबरीच हवं. डीआयची थरथर थेट चासीत गेली तर वर्षभरात पत्र्याचे सांधे उघडतात. ब्रॅकेट आधी टाका मारून धरा, बोल्ट घाला, चेन सैल करा, सगळं पुन्हा मोजा, मग पक्कं वेल्ड करा. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग नको, उभ्या बाजूवर प्लेट टाकून करा. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर आणि डायनॅमोचं कनेक्शन काढा.

वेगाचं गणित

मूळ पेट्रोल इंजिन ४,००० फेऱ्यांपर्यंत जायचं आणि ॲक्सलचा रेशो ५.३८ होता. डीआय ३,२०० ला थांबतं. सोळा इंची जुन्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर धरा. टॉप गिअरमध्ये ३,२०० भागिले ५.३८, म्हणजे चाकाच्या मिनिटाला ५९५ फेऱ्या. गुणिले २.२ मीटर, गुणिले ६०: ताशी ७८ किलोमीटर. तेही इंजिन पूर्ण बोंबलत असताना. कानाला सोसेल अशा २,५०० फेऱ्यांवर ६१. वर्धा रोडवर मागचा ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढणार नाही.

यावर उपाय म्हणजे ४.२७ रेशोचा क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली गिअरची जोडी). त्याच २,५०० फेऱ्यांवर ७७ पडतात. मात्र बदलायचा तर पुढचा आणि मागचा दोन्ही. एकच बदलून फोर व्हील लावलीत तर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतील आणि कुठला तरी शाफ्ट किंवा ट्रान्सफर केस तुटेल. दुसरं, स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून निघते, ॲक्सलच्या आधी. त्यामुळे रेशो बदलल्यावर मीटर ५० दाखवेल तेव्हा गाडी ६३ ला असेल.

शेतातच वापरायची असेल तर ५.३८ ला हात लावू नका. लो गिअर अधिक डीआय अधिक ५.३८ म्हणजे पायी चालणाऱ्याच्या बरोबरीने, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, ओल्या धुऱ्यावरून जीप चालते. ब्रेकचंही तेव्हाच बघून घ्या. ज्या गाडीला व्हॅक्यूमचा ब्रेक बूस्टर आहे तिला डिझेल इंजिनावर वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, कारण पेट्रोल इंजिनासारखी ओढ डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये तयार होत नाही. डायनॅमोच्या मागे पंप असलेला नमुना मिळतो, तो घ्या.

डिझेलची लाइन

पेट्रोलची टाकी तशीच वापरायचा मोह होतो. आधी ती उतरवून आतून धुवा. वर्षानुवर्षांचा गंज डिझेल सोडवतं आणि थेट पंपाकडे पाठवतं. टाकीला परतीची नळी हवी, कारण नोझलमधून उरलेलं डिझेल परत येतं, आणि जुन्या टाकीला ती वाट नसते. गॅल्व्हनाइज्ड नळी वापरू नका, जस्त आणि डिझेल यांचं पटत नाही. टाकी आणि पंपाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. पावसाळ्यात गावच्या ड्रममधलं डिझेल कधी ना कधी भरावं लागतंच.

टाकीला टाका मारायचा असेल तर रिकाम्या पेट्रोल टाकीवर ज्योत धरू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते, आत वाफ असते.

पंप आणि नोझल इंजिन बसवण्याआधीच पंपवाल्याकडे टेस्टबेंचवर तपासून घ्या. इंजिन गाडीत गेल्यावर ते काढणं जिकिरीचं होतं. सगळं जोडल्यावर हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, फीड पंपाची हातदांडी मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. घट्ट करा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. शेवटी नोझलकडच्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा. या वेळी नोझलच्या तोंडासमोर किंवा गळणाऱ्या नळीवर बोट धरून बघू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. वरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना.

पेट्रोलवरून आलेल्यांना अजून एक धक्का बसतो. किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच राहतं. स्पार्कच नाही तर काय बंद होणार! त्यासाठी स्टॉप केबल ओढायची असते. ती पहिल्यांदा सुरू करण्याआधी लावा, नंतर नाही. शिवाय सुरू करताना एअर इनटेकपाशी एक सपाट लाकडी फळी घेऊन माणूस उभा करा. पंप अडकला किंवा इंजिन स्वतःचं ऑइल ओढू लागलं तर ते बेफाम पळतं, आणि तेव्हा हवा तोडणं हाच मार्ग उरतो. हवा फळीने तोडायची, तळहाताने नाही.

बॅटरीही मोठी लागते. डिझेलचं कॉम्प्रेशन फिरवायला सेल्फ जोरदार करंट ओढतो. इंजिनावरून चासीला जाड अर्थ पट्टी द्या. ‘बॅटरी नवीन आहे तरी सेल्फ मरगळतो’ या तक्रारीत नेहमी मी आधी ती पट्टी बघतो.

उन्हाळा

नागपुरात सगळ्यात कडक परीक्षा रेडिएटरची. हवाच ४५ अंशांवर असताना रेडिएटर आपलं पाणी कशाने गार करणार? पेट्रोलचा जुना रेडिएटर ठेवायचा असेल तर निदान उघडून साफ करून घ्या. जमलं तर तीन रांगांचा कोअर टाका. पंख्याभोवती पत्र्याचा श्राउड हवाच, आणि पंखा कोअरच्या जवळ. श्राउड नसेल तर पंखा आजूबाजूची गरम हवाच गोल फिरवत बसतो. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला सगळे देतील. ऐकू नका. तो काढला की हिवाळ्यात इंजिन नीट गरम होत नाही.

बोअरवेलचं पाणी घालू नका. कूलरच्या जाळीवर आणि टाकीत मे संपेपर्यंत जो पांढरा थर जमतो ना, तोच हेडच्या आत जमतो. फरक इतकाच की कूलरचा थर खरवडता येतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घाला.

धुळीसाठी जुना तेलाचा एअर फिल्टर मला आवडतो. खाणीच्या मुरूम रस्त्यावर दिवसभर फिरल्यावर त्याची वाटी उघडली की तळाला चिखल दिसतो. तो चिखल नाही तर सिलिंडरच्या लायनरमध्ये गेला असता.

पहिले काही दिवस वस्तीच्या जवळच फिरा. मग एका सकाळी, ऊन चढायच्या आत, रामटेकच्या गडाचा घाट चढून बघा. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटं मंद चालू द्या आणि तापमानाचा काटा बघा. खाली जमिनीवर कागद पसरा. ऑइलचा थेंब कुठून पडतोय ते कागद सांगतो. परत येताना माउंटिंगचे बोल्ट तपासा, हमखास एखादा सैल निघतो. ५०० किलोमीटरला ऑइल बदला, टॅपेट पाहा, हेड उघडलेलं असेल तर गार इंजिनावर टॉर्क पाना लावून बोल्ट पुन्हा कसा. आणि वजनकाट्याची दुसरी पावती घ्यायची राहिली असेल तर त्याच दिवशी घ्या.